मेलबर्नहून शिजलेलं सूप

नदूर, ९ ऑक्टोबर

जोझेट,

आईला सूप शिकवणं बंद कर.

पाच वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात ही अशी, म्हणून नाक मुरडू नकोस. 'कशी आहेस, बरी आहेस ना' हे मी दवाखान्यात दिवसभर विचारते. त्याचा मला पगार मिळतो. तुला फुकट विचारायची इच्छा नाही. फोन केला असता, पण फोनवर तुझा चेहरा दिसतो, आणि तुझा चेहरा दिसला की मला नीट भांडता येत नाही.

शिवाय घरातला फोन आता आमचा राहिलाय कुठे? सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तेव्हा तो ओट्यावर चहाच्या डब्याला टेकून उभा असतो. आत तू, तुझ्यामागे मेलबर्नची संध्याकाळ, आणि समोर ॲप्रन बांधून आई.

"भोपळ्याची साल काढू का गं?"

"नको आई, सालीसकट घाल."

"आणि पास्ता?"

"पास्ता नको. बीन्स घाल मूठभर."

"बरं बाई."

बरं बाई! जोझेट, मी या बाईबरोबर एका छताखाली राहते. मिनेस्त्राच्या सुपात पास्त्याऐवजी बीन्स घाल, हे मी तिला डायबेटिस निघाला त्या दिवसापासून सांगतेय. माझ्या तोंडून बीन्स निघाले की ती म्हणायची, "मला काय वाताने मारायचं ठरवलंयस?" तुझे बीन्स समुद्रापलीकडून येतात, म्हणून त्यांना वात नसतो वाटतं.

मागच्या आठवड्यात तिने चहातल्या गोड घट्ट दुधाचा डबा सिंकमध्ये उपडा केला. मी दारात उभी राहून बघत होते. तो डबा मी किती वेळा लपवला, किती वेळा फेकला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तंबी दिली, तर त्याने पिशवीत वर पाव ठेवून खाली डबा द्यायला सुरुवात केली. आणि त्या दिवशी ती शांतपणे तो ओतून टाकतेय आणि मला सांगतेय, "जोझेट म्हणाली, यानं डोळे जातात." मला सांगतेय!

माझं काम काय ते तुला माहीत आहे. आपल्या गोझो बेटावरच्या गावागावांतून फिरायचं आणि डायबेटिसवाल्यांना काय खा, किती खा, कसं खा ते शिकवायचं. बाबांना पुरलं त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर ते तूच बोलून दाखवलंस, त्यामुळे विसरली नसशील. तर दर गुरुवारी आमच्या बँड क्लबच्या वरच्या खोलीत माझा वर्ग असतो. आपली शेजारीण ग्रेत्स्या पहिल्या रांगेत बसते आणि सगळ्यात जास्त बोलते. या गुरुवारी मी फळ्यावर ताट काढलं. अर्ध्यात भाज्या, पाव हिश्श्यात मासा, पाव हिश्श्यात पाव. एवढ्यात ग्रेत्स्या म्हणाली, "हे राहू दे गं सल्विना. चेन्साचं ते मेलबर्नचं सूप सांग ना. चेन्सा कशी टुणटुणीत झालीय!"

चेन्सा म्हणजे आपली आई. आणि खोलीत सगळ्यांनी वह्या उघडल्या. माझ्या वर्गात पहिल्यांदाच.

तेव्हा हे पत्र फक्त आरोग्याच्या कारणासाठी आहे, हे ध्यानात घे. आई इन्सुलिन घेते. ती कमी खायला लागली आणि सुई तेवढीच राहिली तर साखर एकदम पडेल. तू तिला काय काय सोडायला लावतेस ते मला कळलं पाहिजे. ती मला सांगत नाही. तू सांग.

सल्विना


नदूर, २८ नोव्हेंबर

जोझेट,

तुझं उत्तर मिळालं. 'ती माझीही आई आहे.' एवढं एक वाक्य लिहायला अख्खं पाकीट वापरलंस?

आईच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आला. दहाच्या वर होता, साडेसातवर आलाय. डॉक्टर रापांनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि नर्स, झाडूवाली, बाहेर बाकावर बसलेले पेशंट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सल्विना, शेवटी जिंकलीस! स्वतःच्या आईला वळवणं म्हणजे चेष्टा नाही."

मी थँक्यू म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही. आई माझ्या शेजारीच बसली होती, तिनेही घेतलं नाही. मात्र बाहेर पडल्यावर म्हणाली, "आज हे जोझेटला सांगते, खूश होईल." मी म्हटलं, सांग.

यावर खरं तर पत्र लिहायचं कारण नव्हतं. कारण वेगळं आहे.

या सोमवारी आम्ही दोघी रबात गावाला जाणाऱ्या बसची वाट बघत उभ्या होतो. वारा सुटला होता, सगळे कोटाच्या गुंड्या लावत होते, आणि आई बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबली. कपाळावर घाम. ओठ थरथरत होते. मी शेकडो लोकांना शिकवलंय की साखर उतरली की असं दिसतं. पर्समधून फळांच्या रसाचं पाकीट काढलं, नळी खुपसली आणि तिच्या तोंडाला लावली. तिने माझा हात बाजूला केला आणि माझ्या तोंडाकडे बघून हसली.

"जोझेट," म्हणाली, "तू कधी आलीस?"

"हे पी आधी."

"विमानात काही खाल्लंस का?"

"खाल्लं. तू पी."

"पिते. पण सल्विनाला सांगू नकोस हं. ती ओरडेल."

मी कबूल झाले, नाही सांगणार. मग तिने माझा गाल कुरवाळला, आणि लहान मुलासारखी सगळा रस प्यायली. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "सल्विना, बस गेली वाटतं." तिला काहीच आठवत नाही. मीही सांगितलं नाही.

झालं होतं असं, की रात्रीचा पाव तिने सोडून दिला होता, तुझ्या कानावर चांगलं पडावं म्हणून. मी कामावरून यायच्या आत जेवून घ्यायची आणि मला सांगायची, पाव खाल्ला. त्याच दिवशी डॉक्टरांकडून सुईचा डोस कमी करून घेतला. पाव सोडायचा नाही, ताटात बसेल तेवढा खायचाच, हे तूच तिला सांग. माझं ऐकायची नाही.

तेवढा वेळ मी तू होते, जोझेट. आई त्या नजरेने माझ्याकडे याआधी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. लोकांना साखर उतरली की भीती वाटते. मला मात्र तिची साखर जागेवर आली तेव्हा वाईट वाटलं. हे कुणाला सांगायचं? तुलाच सांगतेय, म्हणजे बघ माझी काय गत झालीय.

सल्विना


नदूर, १७ जानेवारी

जोझेट,

म्हणजे हे असं होतं तर.

मला कुठे कळलं ऐक. माझ्याच वर्गात. नाताळातल्या खाण्यानंतर सगळ्यांचे आकडे चढलेले, म्हणून मी मधल्या वेळच्या खाण्याविषयी बोलत होते. मागच्या बाकावर म्हातारा वेंजू. आयुष्यभर होडी हाकली, आता गुडघे धरून बसलेला असतो. तो हात वर करून विचारतो, "बाई, विमानात जे देतात ते डायबेटिसवाल्यानं खावं का?"

"का हो, कुठे निघालात?"

"मी कुठला जातोय! मी मार्साल्फोर्नच्या बंदरापुढं गेलो नाही. चेन्सासाठी विचारतोय. तिनं म्हटलं, तू विचार, मी विचारलं तर बरं दिसणार नाही."

मग ग्रेत्स्या म्हणाली, "अगंबाई, वेंजू, हिला माहीत नाही वाटतं!"

सगळ्या गावाला माहीत होतं. पाद्रीबाबांना माहीत होतं. पासपोर्टचे फोटो काढायला ग्रेत्स्याच बरोबर गेली होती. एकट्या मलाच माहीत नव्हतं की आपली आई तुझ्याकडे मेलबर्नला निघालीय. थोड्या दिवसांसाठी नाही, मिळेल तितका व्हिसा घेऊन.

उरलेला वर्ग मी घेतला. सफरचंद आणि सफरचंदाचा रस यांतला फरक सांगितला. आवाज कापला नाही. यासाठी मला कुणी शाबासकी दिली पाहिजे, पण देणार कोण?

घरी आले तर ती मटार सोलत बसली होती.

"मेलबर्न?" मी म्हटलं.

ती मटारच सोलत राहिली. "वेंजूच्या पोटात काही राहत नाही," म्हणाली.

"माझ्या पोटात काय होतंय ते बघ आधी! इतकी वर्षं घसा फोडला मी. ताट आखून दिलं, पाय तपासले, सुया टोचल्या. तुझ्यासाठी लग्नाच्या जेवणातून उठून आलेय मी. आणि तू साखर खाली आणलीस ती कशासाठी, तर मला सोडून जायला?"

आता ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"तू काय सांगायचीस, सल्विना? साखर कमी कर, नाहीतर पाय जाईल. साखर कमी कर, नाहीतर डोळे जातील. तुझ्या बाबांचा पाय गेलेला मी पाहिलाय. मला वाटायचं, जायचंच असेल तर निदान गोड खाऊन जाऊ दे. जोझेट म्हणाली, आई, साखर कमी कर म्हणजे विमानात बसता येईल."

शेंगा माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "बस, सोल. उभी का आहेस?" आणि मी बसले आणि सोलल्या.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, पेशंटला घाबरवू नका, त्याला काय हवंय ते आधी विचारा. मी दवाखान्यात हे रोज पाळते. तिथे कुणावर आवाज चढवत नाही. लोक म्हणतात, सल्विनाबाई किती गोड बोलतात! घरी मी कधी विचारलंच नाही, कारण मला वाटायचं, आईला काय हवंय ते मला माहीत आहे. मला वाटायचं, तिला मी हवी आहे.

तुला मात्र न शिकता हे जमलं. तुझा राग येतो तो एवढ्यासाठीच.

सल्विना


नदूर, १० मार्च

जोझेट,

आई गेले काही दिवस फोन घेत नव्हती, सूप करत नव्हती, म्हणून तू ग्रेत्स्याकडे चौकशी केलीस. ग्रेत्स्याने तुला सांगितलं, "थंडीने जरा अंग धरलंय." खोटं आहे. ग्रेत्स्या माझी लाज झाकत होती. खरं मी सांगते.

विमान कंपनीला आणि व्हिसावाल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो. कार्निव्हल संपल्यावर डॉक्टर रापांनी मला आत बोलावलं, दार लावलं. "सही मी करणार," म्हणाले, "पण तिच्या ताटात रोज काय पडतं ते तू बघतेस. एवढा लांबचा प्रवास, मध्ये विमान बदलायचं, सुईच्या वेळा उलटसुलट होणार. तुझं मत सांग. झेपेल?"

बघ, एका शब्दावर होतं. इतकी वर्षं मी त्या दवाखान्यात काम करतेय, पण माझ्या शब्दाला एवढं वजन कधी आलं नव्हतं.

मी म्हटलं, "साखर अजून वरखाली होते. डोळ्यांची तपासणीही व्हायचीय. उन्हाळ्यानंतर बघू."

साखर वरखाली होत नव्हती. नोव्हेंबरातल्या त्या बसथांब्यानंतर एकदाही पडली नव्हती, चढली नव्हती. डोळ्यांची तपासणी जानेवारीतच झाली होती. डॉक्टरांनी मान डोलावली आणि आईला बोलावून सांगितलं, उन्हाळ्यानंतर. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ती आकडे वाचायला शिकलीय, जोझेट. मीच शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला आणि कपाटाच्या मागून तो गोड दुधाचा डबा काढला. नवा. कधी आणला देव जाणे. माझ्यासमोर बसली, डबा उघडला, एक चमचा घातला, दुसरा घातला, ढवळला. फोन वाजत होता, तूच होतीस. तिने तो पालथा ठेवला.

"ओरड ना," मला म्हणाली.

मी ओरडले नाही. ती घोट घोट प्यायली. तिला तो आवडतही नव्हता आता, तोंडावरून दिसत होतं. पण सगळा प्यायली. तसाच दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, बाबांचं नाव काढून रडली असती, तर मी माझ्या म्हणण्यावर ठाम राहिले असते. मला भांडता येतं. असं समोर बसून कुणी हळूहळू बिघडत जावं आणि आपण बघत राहावं, हे मी बाबांच्या वेळी करून बसलेय. पुन्हा जमत नाही.

काल वर्ग घ्यायच्या आधी दवाखान्यात गेले. बाकावर पेशंटांच्या रांगेत बसले. माझा नंबर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "तू रांगेत कशाला?"

"मी चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "ती जाऊ शकते."

"आणि साखर?"

"साखर ठीक आहे. तिच्या पायात पाय घालत होते ती मी."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी दाखला पुढे ओढला आणि सही केली. कधीकधी माणसं किती चांगली असतात, की राग येतो.

दाखला मी आईच्या हातात दिला. तिने वाचला, घडी घातली, आणि मला म्हणाली, "भोपळा आण येताना." बस. एवढंच. आज सकाळी फोन पुन्हा चहाच्या डब्याला टेकून उभा होता, ते तुला माहीतच आहे.

तू जिंकलीस असं समजू नकोस.

सल्विना


नदूर, ६ मे

जोझेट,

आई पुढच्या आठवड्यात निघतेय. हे पत्र ती पोचायच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून जास्तीचं तिकीट लावलंय. नीट वाच आणि फ्रिजवर चिकटव. तुझ्या नवऱ्यालाही वाचायला लाव.

इन्सुलिन तिच्या हातातल्या पिशवीत आहे, मोठ्या बॅगेत नाही. पोचल्यावर तुमच्याकडच्या वेळेप्रमाणे सुई कशी लावायची ते डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलंय, त्यात स्वतःचं डोकं चालवू नकोस. तिच्या पर्समध्ये, उशाशी आणि तुझ्या गाडीत रसाचं पाकीट कायम असलं पाहिजे. घाम आला, बोलणं अडखळलं, किंवा तिने तुला माझ्या नावाने हाक मारली, की वाद न घालता पाजायचं.

रोज अंघोळीनंतर तिचे पाय बघायचे. ती म्हणेल, मी पाहिले. तिने पाहिलेले नसतात, तिला वाकता येत नाही आणि वाकता येत नाही हे सांगायची लाज वाटते. तू तिच्यासमोर जमिनीवर बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा आणि दुसरंच काहीतरी बोलत राहायचं. मी शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. तू काय काढशील ते तुझं तू बघ.

बिस्किटं ती ॲप्रनच्या खिशात ठेवते. कुणाच्या घरी गेलात तर ती यजमानीणबाईला सांगेल, "आमच्या जोझेटनं खायला सांगितलंय." फसू नकोस. उन्हात चालून आली की आधी साखर तपास, मग पाणी. पास्ता पूर्ण बंद केलास तर चोरून खाईल. रविवारी थोडा दे, भाज्यांबरोबर, आणि तू पण तेच खा. एकटीला वेगळं ताट वाढलं की तिचा अपमान होतो. हे कळायला मला फार वर्षं लागली. तू आयतं घे.

हे सगळं लिहिताना कसं वाटतंय म्हणशील तर, स्वयंपाकघराची किल्ली सवतीच्या हातात देताना बाईला वाटत असेल तसं. तू माझी बहीण आहेस, सवत नाहीस, हे मी स्वतःला समजावते. बहीण काय नि सवत काय, आईच्या बाबतीत फारसा फरक नाही असं दिसतंय.

आणि बाबांचं. दफनभूमीच्या फाटकात तू म्हणालीस, "घरात डायबेटिसची बाई असून बाबा गेलेच ना?" मामा ऐकत होते, मावशी ऐकत होत्या. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज देते. बाबा होडीवर जाताना शर्टाच्या आत चीज भरलेल्या तेलकट पास्तित्सी घेऊन जायचे. कागदात गुंडाळलेल्या, गरम, पोटाला चटका बसायचा तरी. मी वास घ्यायचे आणि ओरडायचे, आणि ते हसून निघून जायचे. माणसाच्या हातातला घास काढून घेता येत नाही, जोझेट. आपल्या माणसाच्या तर नाहीच. मी तुला हे समजावणार नाही. आई येतेय. तुझं तुला कळेल.

तिला गुलाबी कोट घालून पाठवतेय. गर्दीत दिसेल.

सल्विना


नदूर, २२ ऑगस्ट

प्रिय जोझेट,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. पाच पानं! शेवटच्या पानावर तुझं अक्षर वाकडं झालंय, रडत होतीस ना?

तू लिहितेस, आई तुझं काही ऐकत नाही. साखर चढलीय. तिथल्या आपल्या माल्टीज लोकांच्या क्लबातल्या म्हाताऱ्या तिला रोज गाडीने नेतात आणि खजुराच्या तळलेल्या वड्या खाऊ घालतात. तू सूप केलंस तर म्हणते, "रोज काय सूप, मी काय आजारी आहे?" तू ओरडलीस तर म्हणते, "सल्विना असं कधी बोलली नाही मला." मी! मी असं कधी बोलले नाही! हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की ग्रेत्स्या भिंतीपलीकडून ओरडली, "काय झालं गं?"

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र मी दोनदा वाचलं ते चवीने वाचलं. मग तिसऱ्यांदा आकडे बघितले आणि हसू गेलं.

आता माझ्याशी ती फोनवर कशी बोलते ते ऐक. "हो सल्विना. बरोबर सल्विना. तू सांगितलंस तसंच करते." लोण्यासारखी मऊ. पहिले काही दिवस मला गुदगुल्या झाल्या. मग कळलं, की ही बाई मला नको आहे. ही तुझी होती इतकी वर्षं, फोनमधली, शहाणी, लांबची. म्हणजे तुला सगळं मिळत होतं आणि मला काहीच नाही, असं मी समजत बसले. आता तुझ्या वाट्याला ती आलीय जी तोंडावर खोटं बोलते, खिशात बिस्किटं ठेवते आणि पाय मांडीवर घेतला की लाथ मारते. आणि माझा जीव जळतोय तो पुन्हा तुझ्याच नावाने. जिच्याशी रोज भांडावं असं माणूस आज तुझ्या घरात आहे. माझ्या घरात टेबलाला दोन खुर्च्या, आणि एकीवर मी पिशव्या ठेवते.

काल तिचा फोन आला. तू कामावर गेली होतीस.

"काय जेवलीस?" तिने विचारलं.

"मिनेस्त्रा."

"काय काय घातलंस?"

"भोपळा, बीन्स, कोबी."

"सल्विना, ओट्यापाशी उभ्या उभ्या काहीतरी खाल्लंस. दुकानातलं."

"नाही गं."

"तुझ्या बाबांनाही विचारलं की ते असंच पटापट सांगायचे. पास्तित्सी ना? चीजच्या की मटारच्या?"

जोझेट, मी अख्ख्या बेटाला कसं खायचं ते शिकवते. आणि मे महिन्यापासून एकदाही स्वतःसाठी चूल पेटवली नाही. मी म्हटलं, "चीजच्या."

"किती?"

मी सांगितलं नाही. मग तिचा आवाज बदलला, तो फोनमधला गोड आवाज गेला, आणि खरा आला, खरखरीत. "लाज वाटत नाही? एवढी शिकलेली तू! मी तिथं नाही म्हणून काय वाटेल ते खाणार? घरात डायबेटिस आहे, आईला आहे, बापाला होता, तुला सोडणार आहे का तो? थांब, मी घरी येते, मग बघते तुझ्याकडे!"

मी ऐकत राहिले. किती महिन्यांनी माझ्यावर कुणी ओरडत होतं. संपूच नये असं वाटत होतं.

म्हणून आता सांगते ते कर. पायाची भीती घालू नकोस, डोळ्यांची घालू नकोस, त्या म्हाताऱ्यांशी भांडू नकोस. तिला एवढंच सांग, की साखर खाली आली तर डॉक्टर दाखला देतील आणि नाताळाच्या आत घरी जाता येईल, सल्विना वाट बघतेय. दुसऱ्या दिवशी तुला भोपळा आणायला लावेल, बघ. ज्याने ती बरी होईल त्यानेच ती जाईल, आणि हे तुलाच तुझ्या तोंडाने सांगायचंय. मी यातून गेलेय, तेव्हा कसं वाटतं ते मला विचारू नकोस.

तू विमानतळावर तिचा गुलाबी कोट दिसेनासा होईपर्यंत उभी राहशील, मग गाडीत बसून रडशील, आणि ते डोळ्यांसमोर आणलं की मला थोडं बरं वाटतं. आहे मी अशी. पण त्यापेक्षाही बरं वाटेल असं एक आहे, आणि ते लिहायला मला सकाळपासून दुपार झालीय.

तूच तिला घेऊन ये. खुर्चीवरच्या पिशव्या मी काढते, तिसरी खुर्ची ग्रेत्स्याकडून आणते. मग आई आपल्या दोघींवर मिळून ओरडू दे.

तुझी,
सल्विना